सील दोनदा बदललं, तरी जेट स्कीच्या पोटात पाणी

वाचकाचं पत्र

मी कोल्हापुरात उत्तरेश्वर पेठेत राहतो. मेहुण्यांबरोबर भागीदारीत मालवणजवळ वॉटर स्पोर्ट्सचा छोटा धंदा आहे. मागच्या हंगामात वापरलेली एक जेट स्की घेतली. संध्याकाळी सीट काढून बघितलं की आत बादलीभर पाणी असतं. तिकडच्या मेकॅनिकनं शाफ्टचं सील, म्हणजे फिरत्या दांड्याभोवती पाणी अडवणारी कडी, गेलंय म्हणून सांगितलं. इथल्या उद्यमनगर औद्योगिक वसाहतीतून मापाचं ऑइल सील नेऊन बसवलं. पंधरा दिवस बरं चाललं, मग पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा बदललं, पुन्हा तेच. सीलच्या जागी शाफ्टवर खाच दिसते. आता एक जण म्हणतो बेअरिंग बदला, दुसरा म्हणतो चारी बाजूंनी सिलिकॉन मारा, मेहुणे म्हणतात विकून टाका. पावसाळ्यात यंत्र इथं शेडमध्ये आणलंय. पाण्यात न उतरवता दोष शोधता येईल का? खाच वेल्डिंगनं भरून लेथवर टर्न केली तर चालेल का? आणि पूर आलाच, तर ही इथं उपयोगी पडेल का?
स. पा., कोल्हापूर

उत्तर

स. पा., नमस्कार.

मेहुण्यांना आधी थांबवा. पाणी घेणारं यंत्र म्हणून सांगून विकलंत तर कवडीमोल भाव येईल. न सांगता विकलंत तर घेणारा पुढच्या हंगामात तुमच्याच किनाऱ्यावर भांडायला उभा राहील. मालवण केवढं, माणसं केवढी.

पत्र तुम्ही नीट लिहिलंय, पण त्यात दोन गोष्टी नाहीत. एक, यंत्र कोणत्या कंपनीचं. दुसरी त्याहून महत्त्वाची: पाणी नेमकं केव्हा शिरतं? दोरीला बांधून उभी असताना, गिऱ्हाइकाला हळूहळू फिरवताना, की पूर्ण वेगात? मेकॅनिकनंही तुम्हाला हे विचारलेलं दिसत नाही. विचारलं असतं तर एखाद्या सीलचे पैसे वाचले असते.

असं का म्हणतो ते सांगतो. जेट स्कीला बाहेर पंखा नसतो. इंजिनापासून निघालेला शाफ्ट फायबरच्या कवचातून आरपार मागच्या बोगद्यात जातो आणि तिथं जेट पंपातला इम्पेलर फिरवतो. इम्पेलर जाळीतून पाणी ओढून मागं फेकतो, त्या रेट्यानं यंत्र पुढं जातं. बहुतेक यंत्रांत मध्ये गिअरबॉक्स नसतो, त्यामुळं इंजिन मिनिटाला सात-साडेसात हजार फेरे घेत असेल तर शाफ्टही तेवढेच घेतो. शाफ्ट जिथं कवचातून जातो ते भोक पाण्याच्या पातळीखाली असतं. म्हणून आत पाणी दिसलं की सगळ्यांचं बोट आधी तिकडंच जातं, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण पाण्याला आत यायला त्याखेरीज निदान अर्धा डझन वाटा आहेत, आणि प्रत्येक वाटेची वेळ वेगळी आहे.

उभ्या यंत्रात पाणी भरत असेल तर पहिला संशय पाणी काढायच्या मागच्या दोन बुचांवर घ्या. हसू नका. बुचाच्या ओ-रिंगवर, म्हणजे रबरी कडीवर, वाळूचे चार कण बसले, किंवा घाईत बूच आट्यांत तिरकं गेलं, की दिवसभरात सहज बादली भरते. बुचाची बैठक ज्या स्क्रूंनी कवचाला धरलेली असते ते ढिले झाले, की बूच कितीही आवळा, पाणी बैठकीच्या मागून येतं. त्यानंतर स्टिअरिंगची आणि रिव्हर्सची केबल जिथून बाहेर जाते तिथले रबरी बूट बघा. किनाऱ्यावर वाळूत ओढून ओढून बुडाला गेलेला तडाही बघा.

आणखी एक वाट आहे, ती फार थोड्यांना सुचते. बऱ्याच जेट स्कींमध्ये आतलं पाणी बाहेर काढायला पंपाच्याच ओढीवर चालणाऱ्या नळ्या असतात. यंत्र वेगात असलं की त्या पोटातलं पाणी शोषून मागं फेकतात. या नळीचा वेढा उंचावरून नेलेला असतो आणि त्याच्या माथ्यावर हवा शिरायला बारीक छिद्र असतं. ते छिद्र मिठानं किंवा ग्रीसनं बुजलं तर यंत्र थांबल्यावर तीच नळी सायफन होऊन समुद्राचं पाणी आत आणते. तुमच्या धंद्यात यंत्र दिवसातून कितीदा थांबतं ते आठवून बघा. वेगात असताना ही नळी खरी गळतीही लपवते, कारण येणारं पाणी लगेच बाहेर जात असतं. दिवसभर जोरात फिरवलेली जेट स्की कोरडी निघाली आणि रमतगमत चालवलेली भरून आली, तर या गोष्टीचं नवल वाटू देऊ नका.

फक्त इंजिन चालू असतानाच पाणी येत असेल तर नजर वेगळीकडं वळवा. पुष्कळ यंत्रांत इंजिन थंड करायला जेट पंपाच्या दाबावरच बाहेरचं पाणी आत घेतात. सी-डू या ब्रँडच्या फोर-स्ट्रोक इंजिनात कूलंट बंद चक्रात फिरतं, तरी एक्झॉस्ट थंड करायला बाहेरचं पाणी लागतंच. म्हणजे आत नळ्यांचं जाळं आलंच, आणि नळी आवळणारा एखादा क्लँप ढिला असला की इंजिन जितकं जोरात तितकी पिचकारी जोरात. इंजिन बंद केलं की पिचकारी बंद, आणि मेकॅनिक टॉर्च घेऊन आत वाकतो तेव्हा सगळं शहाण्यासारखं गप्प. ट्रेलरवरून फोंडा घाट चढून-उतरून आलेल्या यंत्राचे क्लँप तर हात लावून बघायलाच हवेत. शेडमध्ये ठेवल्यावर उंदरांनी नळी कुरतडलेलीही बघायला मिळते. आपल्याकडं उसाच्या रानाजवळच्या शेडात उंदरांची कमतरता नाही.

शेडमध्ये काय करायचं

यंत्र अजून आतून धुतलं नसेल तर धुऊ नका. समुद्राचं पाणी वाळलं की मिठाची पांढरी वाट मागं राहते, आणि ती वाट वर वर शोधत गेलात तर उगम सापडतो. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा, सीट आणि आतले काढता येणारे कप्पे काढा, चांगला टॉर्च घ्या आणि अर्धा तास नुसतं बघा. कपलिंगच्या, म्हणजे इंजिन आणि शाफ्टच्या जोडाच्या, दोन्ही बाजूंच्या भिंतींवर, शाफ्टला काटकोनात, एक उभा पट्टा उडालेला दिसतो का? पाणी फिरत्या शाफ्टवर आलं की तो ते गोलाकार भिरकावतो आणि भिंतींवर तसा पट्टा उमटतो. पट्टा दिसला तर गळती शाफ्टचीच, आणि पट्टा नेमका कशासमोर आहे त्यावरून जागाही कळते. पट्टा नसेल आणि मीठ इंजिनाच्या बाजूनं खाली ओघळलेलं असेल, तर तुम्ही दोन सीलं उगीच बदलली.

पट्ट्याबरोबर रंगही बघा. तांबूस ग्रीस उडालेलं असेल तर बेअरिंगमध्ये पाणी जाऊन गंज सुरू झालाय. काळा रबराचा चुरा असेल तर कपलिंगमधलं धक्के झेलणारं डँपर रबर खाल्लं जातंय. रबराऐवजी कार्बनचं सील असलेल्या यंत्रात (सी-डूत ते असतं) सीलखाली बारीक काळी भुकटी दिसते, ती कार्बनची.

हे झालं की यंत्र धुऊन, पुसून, कोरडं करा आणि नळाचं पाणी लावून चालवा. इथं क्रम चुकवू नका: आधी इंजिन सुरू, लगेच पाणी सुरू, बंद करताना आधी पाणी बंद, मग एक-दोनदा थोडा रेस देऊन इंजिन बंद. उलट केलंत, म्हणजे इंजिन बंद असताना नळ चालू राहिला, तर पाणी एक्झॉस्टमधून उलटं सिलिंडरपर्यंत जातं. मग सीलचा प्रश्न मागं पडून इंजिन खोलायची वेळ येते. सुरू करण्याआधी सीट काढून थोडा वेळ हवा खेळू द्या, पोटात पेट्रोलची वाफ साचलेली असते. शेडचं दार सताड उघडं हवं, धूर कोंडता कामा नये. शाफ्टजवळ लुंगी, गमछा, लोंबती बाही नको. आणि फार वेळ चालवू नका. सी-डूची कंपनी जमिनीवर दोन मिनिटांच्या वर चालवू नका म्हणून बजावते, कारण तिचं शाफ्टचं सील पाण्यानंच थंड राहतं. एवढ्या वेळात क्लँपची किंवा फाटल्या नळीची पिचकारी दिसायला हरकत नाही. कोरडा टिश्यू पेपर नळ्यांच्या जोडांवर फिरवत जा, ओला झाला की सापडली.

तिसरी चाचणी उलटी आहे, आणि पाण्यात न उतरवता दोष शोधायचा तुमचा प्रश्न बहुतांशी तिथं सुटतो. पाणी बाहेरून आत येतं ते जाऊ द्या. आतून बाहेर कुठून जातं ते बघायचं. बुचं लावा, ट्रेलर सपाट जागेवर घ्या, बॅटरी काढून ठेवा आणि शाफ्टचं सील बुडेल इतकं साधं पाणी आत ओता. स्टार्टर मोटर आणि वायरिंगच्या बरंच खाली थांबा. ओतताना बादल्या मोजा, कारण लिटरमागं एक किलो वजन ट्रेलरवर चढत असतं. मग बाहेरून, खाली आडवं होऊन, कोरड्या फडक्यानं सगळं पुसा आणि वाट बघा. बुचातून ठिबकतंय, केबलच्या बुटातून, बुडाच्या एखाद्या ओरखड्यातून, की मागच्या बोगद्यात शाफ्टच्या भोवतीनं? जिथून बाहेर जातं तिथूनच आत येतं.

मात्र एक अडचण लक्षात ठेवा. ओठवालं रबरी सील, म्हणजे ज्याची पातळ कड शाफ्टवर टेकते ते, एकाच बाजूचा दाब नीट धरतं. त्याचा ओठ समुद्राकडं असेल तर आतून ओतलेलं पाणी त्याच्यातून थोडं झिरपू शकतं आणि चांगलं सील नापास ठरतं. उलट शाफ्ट स्थिर असताना धरून बसलेलं सील फिरताना सोडतं. म्हणून ही चाचणी बुचं, बूट आणि तडे यांच्याबद्दल खात्रीनं बोलते, शाफ्टच्या सीलबद्दल अंदाजानं. नळ्यांबद्दल काहीच बोलत नाही.

शेततळं आहे म्हणून त्यात उतरवायचा मोह होईल. तीन-साडेतीनशे किलोचं यंत्र तळ्याच्या प्लॅस्टिक कागदावरून उतरवून बघा, दोन गळत्या शोधत बसाल. रंकाळा तलावावर तर नेऊच नका.

दोन सीलं का गेली

आता तुमच्या पत्रातल्या सर्वांत उपयोगी माहितीकडं येतो. दोन्ही वेळा सीलनं पंधरा-पंधरा दिवस तग धरला. यावरून बरंच कळतं. एक तर गळती निदान काही प्रमाणात शाफ्टचीच आहे, नाहीतर सील बदलून पंधरा दिवस कोरडं राहिलं नसतं. दुसरं, बसवताना चूक झालेली नसावी. शाफ्ट परत आत सारताना त्याच्या टोकाच्या स्प्लाइनच्या (दातांच्या) धारेनं सीलचा ओठ कापला जाणं ही नेहमीची चूक आहे, पण तसं झालं असतं तर पहिल्याच दिवशी पाणी आलं असतं. (पुढच्या वेळी स्प्लाइनवर पातळ प्लॅस्टिकची टोपी किंवा टेप गुंडाळून, ग्रीस लावूनच शाफ्ट सारा.) सील बसवल्यावर काहीतरी त्याला रोज खात होतं आणि पंधरा दिवसांत त्यानं ते संपवलं. मला चार संशयित दिसतात.

पहिला खुद्द ते सील. उद्यमनगरात मापाचं ऑइल सील मिळणारच, तिथं काय मिळत नाही? पण आतला, बाहेरचा व्यास आणि जाडी जुळली म्हणजे सील जुळलं असं नाही. ऑइल सीलच्या ओठामागं एक बारीक गोल स्प्रिंग असते, ती ओठ शाफ्टवर दाबून धरते. साध्या सीलची स्प्रिंग साध्या स्टीलची, कारण ती तेलात राहणार हे गृहीत असतं. खाऱ्या पाण्यात ती थोड्याच दिवसांत गंजून तुटते, ओठ सैल पडतो, पाणी आत. समुद्रावर वापरायच्या सीलमध्ये ही स्प्रिंग स्टेनलेस असते. काढलेली दोन जुनी सीलं फेकली नसतील तर आज रात्रीच उलटून बघा. स्प्रिंग लाल झालेली, तुटलेली असेल तर अर्धं उत्तर हातात आलं. दुकानदाराला दोष देऊ नका, त्यानं तुम्ही मागितलं ते माप दिलं.

दुसरा, ती खाच. नवं सील ताठ असतं म्हणून खाचेवरही काही दिवस धरतं, मग ओठ त्या कडेवर घासून जातो. नखाची कड खाचेत अडकत असेल तर पॉलिश पेपरनं घासून भागणार नाही. खाच आपोआप पडत नाही, वाळू पाडते. किंवा मासेमारीची नायलॉनची दोरी. किनाऱ्याजवळ ती जाळीतून ओढली जाते, शाफ्टवर घट्ट गुंडाळली जाते आणि सीलच्या तोंडाशी जाऊन बसते. जाळी काढून, बोगद्यात हात घालून शाफ्ट मागंपुढं नीट चाचपा. सापडली तर कात्रीनं कापून काढा, ओढून नको.

तिसरं बेअरिंग. यामाहाच्या यंत्रांत शाफ्टच्या मधोमध एक बेअरिंग हाउसिंग असतं, सील आणि बेअरिंग त्यातच. कपलिंगजवळ शाफ्ट धरून वर-खाली हलवा. खुट्ट असा खेळ जाणवला, किंवा हातानं फिरवताना खरखर लागली, तर बेअरिंग गेलं. डुगडुगणाऱ्या शाफ्टवर जगातलं कुठलंही सील टिकत नाही. बेअरिंग बदला म्हणणारा तुमचा माणूस कदाचित बरोबर असेल, पण त्यानं हे हलवून बघितलं होतं का, ते विचारा. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. त्या नंबराचं, दोन्ही बाजूंनी रबरी झाकण असलेलं, चांगल्या कंपनीचं बेअरिंग इथं मिळायला अडचण नाही. हाउसिंगला ग्रीस निपल असेल तर पाण्यात न विरघळणारं मरीन ग्रीस, तेही बेतानं. हौसेनं गन दाबत राहिलात तर ग्रीसच्या दाबानं सीलच बाहेर ढकललं जातं.

चौथा संशयित सगळ्यांत मागं लपलेला असतो: इंजिन आणि शाफ्ट एका रेषेत नसणं. इंजिन रबरी माउंटिंगवर बसतं. वयानं ती रबरं दबतात, किंवा आधीच्या मालकानं कधी इंजिन उतरवून परत ठेवताना खालच्या शिम (पातळ पट्ट्या) इकडच्या तिकडं केलेल्या असतात. मग शाफ्ट फेऱ्यागणिक वाकडा ओढला जातो. डँपर रबर, बेअरिंग, सील एकामागून एक जातात आणि आपण दर वेळी शेवटचं गेलेलं तेवढं बदलतो. मघाशी सांगितलेला काळा रबराचा चुरा आठवतो का? तो दिसला तर मी आधी इथंच संशय घेईन. आधीच्या मालकाला फोन करून इंजिन कधी उतरवलं होतं का, एवढं विचारा. शेतीपंपाचं कपलिंग मोटारीशी लाइनीत घेताना आपले फिटर पट्टी आणि फट मोजायचा फिलर गेज वापरतात, दोन तोंडांच्या कपलिंगवर इथंही तेच करतात. किती फरक चालतो तो आकडा मात्र तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, अंदाजानं नको. काही यंत्रांना शाफ्टऐवजी सरळ दांडा सारून बघायचं हत्यार लागतं. तो दांडा करून द्यायला मात्र उद्यमनगरासारखी जागा नाही.

तुमचं यंत्र सी-डू असेल तर यातलं बरंच बदलतं. तिथं ओठाच्या सीलऐवजी कार्बनची रिंग असते. ती रबरी भात्यावर बसते आणि शाफ्टवरच्या स्टेनलेस रिंगला दाबून राहते. दोन गुळगुळीत तोंडं एकमेकांवर घासतात, पाणी मधून येत नाही. भाता म्हातारा होऊन दाब कमी झाला, कार्बनला कपची उडाली, किंवा स्टेनलेस रिंगच्या आतली छोटी ओ-रिंग गेली की गळती. भाता हातानं दाबून सोडा, तो जोरात परत यायला हवा. या सीलची एक खूण लक्षात ठेवा: ते गेलं की पाणी आत येतं, शिवाय पंप त्या फटीतून हवाही ओढतो, आणि रेस वाढवली तरी इंजिन नुसतं ओरडतं, यंत्र पळत नाही. पाणी आणि ही घसरण दोन्ही एकदम सुरू झाली असतील तर संशय बळावतो. नुसतीच घसरण असेल तर इम्पेलरची पाती आणि त्याभोवतीची झिजलेली रिंग बघा, सील सोडा. आणि ज्या पंपाच्या शंकूत तेल असतं तिथं ते काढून बघा. दुधाळ झालं असेल तर पंपाच्या सीलमधून तेलात पाणी गेलंय. त्याचा पोटातल्या बादलीशी संबंध नाही, पण तसंच चालवलंत तर पंपाचं बेअरिंग जाईल.

लेथ आणि सिलिकॉन

खाच वेल्डिंगनं भरून टर्न करू नका. कोल्हापूरच्या लेथवाल्यांच्या हाताला मी कमी लेखत नाही. ओतकाम आणि मशिनिंगवर हे शहर उभं आहे. प्रश्न कारागिराचा नसून धातूचा आणि वेगाचा आहे. शाफ्ट स्टेनलेस, लांब आणि त्या मानानं बारीक. एका जागी वेल्डिंगची आग लागली की तो केसभर का होईना वाकतो. बैलगाडीच्या आसाला ते चालेल, मिनिटाला सात हजार फेऱ्यांना नाही. वाकलेला शाफ्ट नवं सील आणि नवं बेअरिंग दोन्ही घेऊन जाईल. ईएन-८ या साध्या पोलादाचा नवा शाफ्ट करून देतो असंही कोणी म्हणेल. स्वस्त पडेल, घासून चकाचक दिसेल आणि मालवणच्या पाण्यात गंजेल.

मार्ग तीन. हाउसिंगमध्ये जागा असेल तर सील थोडं पुढं किंवा मागं बसवायचं, म्हणजे ओठ न झिजलेल्या भागावर येईल. त्यासाठी लागणारी पातळ रिंग लेथवर करून घ्या. नाहीतर शाफ्टवर पातळ स्टेनलेस स्लीव्ह (नळकांडं) चढवायची, त्यासाठी तशा स्लीव्ह तयार मिळतात. तेही जमत नसेल तर नवा किंवा सुस्थितीतला जुना मूळ शाफ्ट. काहीही केलंत तरी शाफ्ट आधी लेथच्या दोन सेंटरमध्ये धरून, वाक मोजणारा डायल लावून फिरवून घ्या, वाकलाय की नाही ते पाच मिनिटांत कळेल. वाकलेला असेल तर पहिले दोन मार्ग आपोआप बाद.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. फिरत्या भागाला सिलिकॉन लावून गळती थांबत नाही. स्थिर जोडांना, म्हणजे बुचाच्या बैठकीला किंवा पंपाभोवतीच्या जोडाला सीलंट लागतं, पण व्हिनेगरसारखा वास येणारं बाथरूमचं सिलिकॉन नको. सुकताना त्यातून सुटणारं आम्ल धातूला खातं. बोटींसाठीचं पॉलियुरेथेन सीलंट आणा, जुनं पूर्ण खरवडा, कोरडं करा, मग लावा. चारी बाजूंनी सिलिकॉन मारल्यावर पुढच्या मेकॅनिकला गळतीची वाटही दिसणार नाही, हा त्याचा आणखी एक तोटा.

तेव्हा खर्चाचा क्रम असा ठेवा: आधी बघणं आणि बाकीच्या दोन चाचण्या, त्यात नळाच्या पाण्याखेरीज काही जात नाही. मग बुचांच्या ओ-रिंग, क्लँप, नळीचं छिद्र. मग शाफ्ट बाहेर काढून डायल, बेअरिंगची तपासणी, आणि रेषेत आहे का ते. नवं सील सगळ्यांत शेवटी, आणि ते मूळ कंपनीचं किंवा स्टेनलेस स्प्रिंगचं.

हंगाम सुरू झाल्यावर पहिल्या दिवशी गिऱ्हाईक घेऊ नका. कोरडं पोट घेऊन यंत्र पाण्यात सोडा, दोरीला बांधा, अर्धा तास तसंच ठेवा, बघा. पुसा. मग दहा मिनिटं हळू चालवा, बघा. पुसा. मग वेगात. तिन्ही वेळचं पाणी मापानं मोजून मेहुण्यांच्या वहीत लिहून ठेवा. एखाद-दोन तांबे पाणी कुठल्याही जेट स्कीत येतं, माणसं पडतात, ओल्या अंगानं चढतात. त्यावरून घाबरू नका.

पुराचं विचारलंत

मन चांगलं आहे, पण नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. त्या पाण्यातून काय काय वाहत होतं ते उत्तरेश्वर पेठेतल्या माणसाला मी सांगायला नको. केंदाळ, उसाचं पाचट, खताची पोती, जनावरांचे कासरे. जेट पंप खालून ओढतो, आणि यातली कुठलीही वस्तू जाळीत बसली की यंत्राची ओढ संपते. स्टिअरिंगही संपतं, कारण जेट स्की वळते ती पंपाच्या धारेवरच. धार नाही तर हँडल नुसतं फिरतं. प्रवाहात, विजेच्या तारांखाली, मागं घाबरलेला माणूस बसवून असं व्हायला नको. बचावपथकं हवा भरलेल्या रबरी बोटी वापरतात, त्यात माणसंही जास्त बसतात. मदत करायचीच असेल तर पावसाळ्याआधी जिल्हा आपत्ती व्यवस्थापनाकडं जाऊन नाव द्या. पाण्याची सवय असलेला, लाइफ जॅकेट नीट बांधता येणारा माणूस त्यांना यंत्राइतकाच लागतो.

कंपनी, मॉडेल आणि जुन्या सीलच्या स्प्रिंगचा रंग कळवा. शाफ्टचा फोटो पाठवणार असाल तर खाचेजवळ पट्टी ठेवून काढा.